ढेकळांतला मका

माझी मोठी बहीण जन्मात कधी रोवणीला गेली नाही. लहानपणी तिला ताप आला आणि त्यात डावा पाय वाळला. पुढे काठीच्या आधाराने ती घरात, अंगणात, रस्त्यावर सगळीकडे फिरायची. पण पावसाळ्यात धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल असतो. त्यात काठीही रुतते आणि माणूसही. गावातल्या सगळ्या बाया ओळीने वाकून धान रोवत, तेव्हा ती घरी बसून त्यांची लेकरं सांभाळायची. संध्याकाळी बाया परत येत, तेव्हा त्यांना पाय धुण्यासाठी दारात पाण्याची बादली भरून ठेवलेली असे. आम्ही तिला बाई म्हणायचो. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. माझ्याहून ती नऊ वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नाही. दोनदा पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. तिसऱ्यांदा तिनेच नको म्हटलं.

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीपासून पायी पाऊण तासावर. पीक धानाचंच. बाबांकडे तीन बांध्या होत्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. वरच्या दोन हलक्या मातीच्या, आणि खालची एक काळ्या कन्हारीची. कन्हार ओली असताना पायाला सोडत नाही आणि वाळली की कुदळीला दाद देत नाही. त्या खालच्या बांधीत धान निघाल्यावर दरवर्षी लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, असायची. धान उभं असतानाच, जमिनीत ओल असताना लाखोळीचं बी फेकून द्यायचं. धान कापला की खालून ती हिरवी वर आलेली दिसते. तिला नांगर लागत नाही, वखर लागत नाही.

बाईचं स्वतःचं पीक एकच होतं, घरामागच्या वाडीतला मका. वाडीतली माती राखेने आणि शेणाने भुसभुशीत झालेली होती. बाई पोत्याची घडी करून त्यावर बसायची. हातात टोकदार खुंटी. खुंटीने भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, वरून मूठभर कुजलेलं खत घालून तळव्याने दाबायचं आणि एक वीत पुढे सरकायचं. आमच्याकडे याला टोबणं म्हणतात. तिच्या दोन ओळींत एक हात अंतर असे आणि भोक बोटाच्या दोन कांड्यांएवढं खोल. पिकलेले भुट्टे ती गल्लीत वाटून टाकायची. लोक म्हणत, हिच्या हाताला गुण आहे. ती म्हणायची, "गुण कायचा? मक्का बसून लावता येते, म्हणून मले येते."

मी सांगतो आहे त्या वेळी जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याला चार-पाच वर्षं झाली असतील. मी कृषीची पदविका घेऊन घरी आलो होतो आणि नोकरीचे अर्ज भरत होतो. अर्जावर जिल्हा लिहायची वेळ आली की बाबा अजूनही बजावायचे, "आपला भंडाराच आहे रे. गोंदिया नको लिहू." आमच्या घराने आजोबांच्या काळात बुद्धाचा धम्म घेतला. शिकायचं, हे तेव्हापासून घरात ठरलेलं होतं, पण शेतीचं शिकून आलेला मी पहिलाच. त्यामुळे बाबा माझं ऐकत. माय ऐकत नसे, पण अडवतही नसे.

त्या वर्षी धान कापायच्या आधी बाबांना हिवताप आला आणि लाखोळी फेकायची राहून गेली. कापणीनंतर खालची बांधी रिकामीच पडून होती. एक दिवस आम्ही सगळे खळ्यात बसलो होतो. बाई धानाच्या लोंब्या वेचत होती. वर न बघता ती म्हणाली, "बाबा, खालची बांधी मले द्या औंदा. मक्का लावीन मी."

"बांधीत मक्का?" बाबा म्हणाले. "तुले जमन काय एवढं?"

"काहून नाही जमन? आता चिखल नाही. जमीन घट्ट आहे, खाली ओल आहे. बसत बसत जाईन. लाखोळीले कोन नांगरते? तशीच धानाच्या खुटात येते ना? मक्काबी तशीच टोबता येईन."

बाबा हसले आणि म्हणाले, "घे मग. तुझीच बांधी."

तिचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला नीट आठवतं. आमच्या शेतातला एवढाही तुकडा कधी तिच्या पायाखाली आला नव्हता. लोंब्या वेचायचं थांबवून ती ओंजळीतले दाणेच बघत राहिली.

मी तिथे गप्प राहिलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी नुकताच शिकून आलो होतो. मी म्हटलं, "मका म्हणजे लाखोळी नाही, बाई. धानासाठी आपण वर्षानुवर्षं चिखल करतो ना, त्याने खाली कडक थर बसतो. मक्याची मुळं त्यातून जात नाहीत. आधी खोल नांगरलं पाहिजे."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आजही मी शेतकऱ्यांना हेच सांगतो. पण कधी नांगरायचं, हे पुस्तकात ज्या ओळीत होतं ती ओळ मी वाचली होती आणि विसरलो होतो.

मी लाखनीकडचा एक ट्रॅक्टर ठरवला. तो आला त्या सकाळी बाई काठी टेकत आमच्याबरोबर आली आणि धुऱ्यावर बसली. ट्रॅक्टरवाल्याने बांधीत उतरून टाच दाबून पाहिली. टाच रुतली.

"साहेब, ओल जास्त आहे," तो म्हणाला. "आठ-दहा दिवस थांबा. वाफसा येऊ द्या."

मला कोणी साहेब म्हणण्याचा तो पहिलाच प्रसंग असेल. मी म्हटलं, "थांबलो तर पेरणीला उशीर होईल. चालव तू."

त्याने खांदे उडवले आणि नांगर टाकला. माती फुटली नाही. तिच्या लांबच लांब चकचकीत वड्या निघाल्या आणि एकीवर एक कलंडत गेल्या. कापलेल्या धानाची खुटं कुठे गाडली गेली, कुठे उलटी होऊन वर आली. मला ते दृश्य आवडलं होतं. जमीन उघडली, असं वाटत होतं. चार-पाच फेऱ्या झाल्यावर बाईने मला हाक मारली.

"भाऊ, आता मी इथून कशी जाऊ?"

मी म्हटलं, "तुला जायची गरजच नाही. तिफणीने पेरू. तू फक्त बघायचं."

ती म्हणाली, "ह्या कडेचं तरी राहू दे मग." ती बसली होती त्या धुऱ्यालगतचा पट्टा ती दाखवत होती. ट्रॅक्टरवालाही म्हणाला, इथे मला वळताच येत नाही. म्हणून तेवढा पट्टा राहिला. सहा ओळी बसतील एवढाच रुंद, पण बांधीच्या पूर्ण लांबीचा.

पुढच्या आठवड्यात कडक ऊन पडलं आणि त्या वड्यांची ढेकळं झाली. काही घागरीएवढी होती. मी शेजारची बैलजोडी मागून आणली आणि दोनदा वखर फिरवला. वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, ढेकळांवरून नुसती उड्या मारत जायची. बैलांचे पाय मुरगळायला लागले, तेव्हा ज्याची जोडी त्याने ती सोडून नेली. तरी मी तिफण लावली. बी काही ढेकळांखाली गेलं, काही दोन ढेकळांच्या सांदीत खोल पडलं, आणि बरंचसं उघड्यावरच राहिलं. संध्याकाळपर्यंत धुऱ्यावर चिमण्या आणि साळुंक्या जमल्या होत्या.

बाई तोवर तिच्या पट्ट्यात बसली होती. तिने कमरेला पोत्याची घडी बांधली होती. धानाच्या खुटांमधून ती खुंटी टोचत, दाणे टाकत, दोन्ही हातांवर अंग तोलून पुढे सरकत होती. तीन दिवस लागले तिला. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो आणि तिच्या ओळीतलं अंतर मोजलं. खरं तर चूक काढायला गेलो होतो.

"कितीक भरलं?" तिने विचारलं.

मी वहीत पाहिलं. वहीत लिहिलेलं होतं तेवढंच होतं, बोटभर इकडेतिकडे.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"तुझ्या पुस्तकात वीतच लिहिली असन," ती हसून म्हणाली.

त्या तीन दिवसांत ती जितकं बोलली तितकं मी तिला आधी बोलताना ऐकलं नव्हतं. धुऱ्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती हाक मारायची. मायने डबा आणला की म्हणायची, इथंच जेवू. वरच्या बांधीतून आमच्याकडे बघणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिने ओरडून सांगितलं, "दाजी, आमी बी शेतकरी झालो!"

आठ-नऊ दिवसांनी तिच्या पट्ट्यात मका वर आला. प्रत्येक भोकातून दोन-दोन हिरवी टोकं, एका मापाची. जमिनीत होती त्या ओलीवरच तो उगवला, वरून पाणी द्यावं लागलं नाही. माझ्या बाजूला काहीच दिसेना, म्हणून मी बोडीतलं, म्हणजे आमच्या लहान तळ्यातलं पाणी इंजिन लावून सोडलं. पाणी ढेकळांच्या मधून धावलं आणि खळग्यांमध्ये साचून बसलं. खालच्या कडक थराला नांगर जेमतेम लागला होता, त्यामुळे पाणी मुरायला तयार नव्हतं. सांदीत पडलेलं बी कुजलं. जे उगवलं ते इथे पाच रोपं, मग चार हात रिकामं, मग तिथे एक, असं. त्यातही कोणी वीतभर उंच, तर कोणी नुकतं डोकं काढणारं.

वरच्या बांधीतला तो म्हातारा एक दिवस धुऱ्यावर येऊन उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून त्याने बांधीभर पाहिलं आणि मला विचारलं, "बाबू, शिकेल मक्का कोनती अन् बिनशिकेल कोनती?"

बाबा हसले. मला हसता आलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं की रिकाम्या जागा भरून काढायच्या. पिकातल्या अशा रिकाम्या जागांना नांगे म्हणतात, आणि नांगे भरणं हे काम पुस्तकातही होतं. पेरणीला तेव्हा पंधरा-सोळा दिवस झाले होते.

जेवताना मी बाईला म्हटलं, "नांगे भरायचे आहेत. तुझ्या हाताचं उगवतं. तू करशील का?"

मायने लगेच मान वर केली. "त्या ढेकळात बसन कशी ते? माणसाचा पाय ठरत नाही तिथं."

"मी पुढे ढेकळं फोडत जाईन," मी म्हटलं. "तिने मागून फक्त टोबायचं."

"फोड तू अन् टोब बी तूच," माय म्हणाली.

"माय, जातो ना मी," बाई म्हणाली. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, जातो, येतो. "भावानं मांगितलं हाताचं काम. नाही कशी म्हणू?"

मागितलं होतं, हे खरंच आहे. तिच्याकडे कोणी काम मागितलं की तिला किती आनंद होतो, हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी तसं मागितलं.

दुसऱ्या दिवशी तिला सायकलवर मागे बसवून नेलं. मी कुदळीच्या मागच्या बाजूने ढेकळं फोडत पुढे जायचो. पहिल्या दिवशी नीट फोडली. मग हाताला फोड आले, तशी मी मोठी तेवढी फोडू लागलो आणि लहान सोडून देऊ लागलो. बाई त्यावरून अंग ओढत येत होती. पट्ट्यात सरकताना तिची एक लय असायची. इथे ती दर हातावर अडकत होती. जिथे बसायची तिथे आधी हाताने चाचपून पाहायची, ढेकळं बाजूला सारायची, मूठभर माती चुरून भोकात घालायची आणि मग दाणे. मी दोनदा विचारलं, "होतं ना?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "होते, होते. तू चाल पुढे."

चार दिवस लागले. चौथ्या दिवशी परतताना सायकलवर ती गप्प होती. मला वाटलं, थकली.

तिच्या वाळलेल्या पायाच्या पोटरीत एक बारीक खूट घुसलं होतं. कधी, ते कोणालाच कळलं नाही. तिने वर हळद आणि चुना लावला आणि लुगड्याखाली झाकून टाकलं. सांगितलं असतं तर मायने तिला परत शेतात जाऊ दिलं नसतं, आणि तिच्या मनात अजून पट्ट्यातल्या मक्याला मातीची भर लावायची होती. मला वसतिगृहात पत्रा लागला होता, तेव्हा त्याच तासाला नेऊन सुई टोचली होती. हे मला माहीत होतं. तिच्या पायाकडे बघायचं मला सुचलं नाही.

आठवडाभराने सकाळी ती मायला म्हणाली, "माय, दात धरले माये. भात चावता येत नाही." मायला वाटलं, दाढ दुखते. लवंग दिली. दुपारी तोंड अर्धंच उघडू लागलं, मान ताठ झाली. तेव्हा मायने तिला आडवं करून अंगभर पाहिलं आणि पोटरी सापडली. सुजून लाल झालेली. मायने सुईने ते खूट काढलं. मी जीप आणायला धावलो. साकोलीच्या डॉक्टरांनी तिला बघितलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, थांबू नका, भंडाऱ्याला न्या. धनुर्वात आहे.

जीपमध्ये रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिच्या अंगाला झटका देत होता. महामार्गावर ट्रकचे भोंगे वाजले की तिचं शरीर कमानीसारखं उचलायचं. मायने तिचे दोन्ही कान हातांनी झाकून ठेवले होते, लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंत.

दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळे पडदे होते. नर्सबाईंनी आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या आणि सांगितलं, बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, दार आपटायचं नाही. डॉक्टर दिवसातून चार-चार वेळा येत. त्यांनी आमच्यापासून काही लपवलं नाही. उशीर झाला आहे, आम्ही करतो आहोत, असं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तिला जरा उतार पडल्यासारखा वाटला. मी एकटाच आत होतो. तिने डोळ्यांनी जवळ बोलावलं. दात मिटलेलेच होते. त्यांच्या मधून ती बोलली.

"नांगे?"

"सगळे उगवले," मी तिच्या कानाशी हळू म्हटलं. "एकही भोक रिकामं नाही."

हे खरं होतं. आदल्या दिवशी गावाहून आलेल्या चुलत्याने सांगितलं होतं.

"अन् कडेचा?"

"गुडघ्याला आला."

तिचे डोळे मिटले. मग पुन्हा उघडले. "पानी... जास्त नको देऊ."

मी मान हलवली. मला तिची माफी मागायची होती. पण नर्सबाई दारात उभ्या होत्या, बोलायला मनाई होती, आणि मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू.

पाचव्या दिवशी सकाळी, बाबा खाली चहा आणायला गेले असताना, ती गेली. माय तिचा तळवा चोळत होती. तळवा गार झाल्यावरही ती बराच वेळ चोळत राहिली, आणि तिला थांब म्हणायचं धाडस ना मला झालं ना नर्सबाईंना.

गावात वंदना झाली. रोवणीला जाणाऱ्या सगळ्या बाया आल्या. त्यांची जी लेकरं बाईने सांभाळली होती, त्यातली काही आता मोठी झाली होती. खांदा त्यांनीच दिला. मला खांद्याला लागू दिलं, पण अर्ध्या वाटेत मी मागे पडू लागलो, तेव्हा त्यातल्या एकाने मला हलकेच बाजूला केलं.

तीन-चार दिवसांनी बाबा म्हणाले, "चाल, पानी द्यायचं आहे." आम्ही दोघे गेलो. बांधीत मी कित्येक दिवसांनी उतरत होतो. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि माझ्या बाजूला पाणी सोडलं. पट्ट्याकडे पाणी वळवायच्या वेळी ते माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, थोडंच द्या. त्यांनी कारण विचारलं नाही.

त्या मक्याचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. पट्ट्यातला मका सुरुवातीला जरा पिवळा होता. तिला जी मातीची भर लावायची होती ती मायने आणि मी लावली, खत दिलं, आणि तो सुधारला. डोक्याच्या वर गेला. सगळ्या ओळींना एकाच आठवड्यात तुरे आले. माझ्या बाजूला कुठे पुरुषभर उंच, कुठे कमरेएवढा. बाईने भरलेले नांगे सगळे उगवले होते, पण आधीच्या रोपांच्या सावलीत ते बारीक काडीसारखे वाढले. त्यांतल्या काहींना कणसाचे केस फुटले तेव्हा आजूबाजूच्यांचे परागकण गळून गेले होते. बहुतेकांना कणीस धरलंच नाही. धरलं त्यात दहा-वीस दाणे, दात पडलेल्या तोंडासारखे.

पीक निघाल्यावर मी दोन्हीकडची काही धाटं मुळासकट खणून काढली. मला बघायचंच होतं. नांगरलेल्या बाजूची मुळं ढेकळाला वळसा घालून आडवी गेली होती, एकाच बाजूला झुपका. पट्ट्यात कन्हार सावकाश वाळली होती. सावकाश वाळताना तिला उभ्या भेगा पडतात, आणि मुळं त्या भेगांमधून सरळ खाली उतरली होती, मी सांगत होतो त्या कडक थरातूनही. मी ती मुळं धुऱ्यावर शेजारी शेजारी ठेवली. बाबा आले, त्यांनी बघितलं, आणि सगळी उचलून जळणाच्या ढिगावर टाकून दिली.

पट्ट्यातली कणसं मायने एकटीने तोडली. कोणाला हात लावू दिला नाही. पोत्यात भरून तिने ती गल्लीत घरोघर नेऊन दिली. आमच्या घरी एकही ठेवलं नाही.

पुढच्या वर्षापासून त्या बांधीत पुन्हा लाखोळी आली. मला कृषी सहायकाची नोकरी लागली आणि मी तालुक्यातालुक्यांत फिरू लागलो. पहिल्या वर्षी आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे मक्यावर बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, नांगे भरायचे तर उगवल्याबरोबर, चार-सहा दिवसांत भरा. उशिरा भरलेली रोपं सावलीत राहतात, दाणा धरत नाहीत, ती मेहनत फुकट जाते. सगळे लिहून घेत होते. मी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली हात धरून उभा राहिलो. चार दिवस ती त्या ढेकळांवरून अंग ओढत होती. ते काम केलं नसतं तरी त्या बांधीतून निघाले तेवढेच दाणे निघाले असते.

मी नांगराच्या विरुद्ध झालो, असं नाही. हलक्या खरडी जमिनीत नांगरून, सरी पाडून लावलेला मका मी चांगला आलेला पाहिला आहे, आणि न नांगरता टोबलेला मका तणात बुडालेलाही पाहिला आहे. शेतकऱ्याच्या बांधीत गेलो की मी आधी टाच दाबून बघतो. रुतली तर म्हणतो, थांबा. काही जण म्हणतात, उशीर होईन ना साहेब. होऊ द्या, म्हणतो.

एक गोष्ट मात्र मी बरीच वर्षं मनात घोळवत होतो. नांगरलेल्या भागात खुटं मातीने माखून, उलटी होऊन वर आली होती, हे खरं. पण तिच्या पट्ट्यातही धानाची कोरडी खुटं उभीच होती, आणि तिथे ती तीन दिवस बसून सरकली होती. पुढेही एखाद्या दिवशी बघायला गेली असेल. ते खूट तिच्या पट्ट्यातलं असलं तर? तसं असावं, अशी माझी इच्छा होती. अशी इच्छा धरणारा माणूस कसा असतो, तेही मला कळत होतं.

बाबा गेले, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर घरी होतो. माय अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. खडे बोटांनी शोधते. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारून टाकलं.

"माय, बाईच्या पायातलं ते खूट तू काढलंस ना? ते कसं होतं? मातीने भरलेलं होतं का कोरडं?"

तिची बोटं सुपात थांबली.

"तुले कायले पाहिजे आता?"

"असंच."

"पाहिलं नाही रे मी," ती म्हणाली. "काढलं अन् चुलीत टाकलं. पोरीचं तोंड पाहू का काडी पाहू?"

ती पुन्हा खडे शोधू लागली. शोधता शोधता म्हणाली, "मले वाटे, तू कधी विचारशीन. मंग वाटे, नको विचारू."

"का?"

"विचारलं असतं तवा, तर खोटं सांगितलं असतं मी. पट्ट्यातलं होतं म्हनून. बापाले बी मी तेच सांगितलं होतं."

बाबांनी मला एकदाही दोष का दिला नाही, ते मला त्या दिवशी समजलं. मायने सूप माझ्याकडे सरकवलं. तिला न दिसलेले खडे मी वेचू लागलो.